वागळे इस्टेटमधल्या एका गोदामात कॉल पार्किंग बसवताना

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बेअरिंग, ऑइल सील, व्ही-बेल्ट आणि न्यूमॅटिक फिटिंग विकणारी एक जुनी पेढी आहे. पुढे काउंटर, मागे गोदाम, गोदामातून लोखंडी जिन्याने वर गेलं की पोटमाळ्यावर आणखी रॅक, आणि पहिल्या मजल्यावर अकाउंट्स व मालकांची केबिन. मालकांना सगळे शेठ म्हणतात, रिसेप्शनवर बसतात त्या ताई आणि स्टोअर सांभाळतात ते काका. माणसं मोजकी, पण फोन दिवसभर. अंबरनाथ, तळोजा, महापे, तारापूर इथल्या कारखान्यांतून मेंटेनन्सवाले फोन करतात. मशीन बंद पडलेलं असतं, सुपरवायझर डोक्यावर उभा असतो आणि विचारायचं एवढंच असतं: "६२०५ झेडझेड आहे का? किती नग? लगेच माणूस पाठवतो."

या प्रश्नाचं उत्तर फोनजवळ बसलेल्या कोणाकडेच नसतं. ६२०५ हा बेअरिंगचा नंबर, म्हणजे आतला व्यास २५, बाहेरचा ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर, इथपर्यंत काउंटरवरचा नवा पोरगाही सांगतो. पण झेडझेड म्हणजे पत्र्याच्या झाकणांचं, टूआरएस म्हणजे रबरी सीलचं, त्यात क्लिअरन्स (आतली फट) साधा की सी-थ्री, म्हणजे थोडा जास्त, आणि शेवटी कुठल्या कंपनीचं. संगणकात आकडा असतो, पण सकाळी घाईने गेलेला माल कधीकधी संध्याकाळी बिलात चढतो. म्हणून काका रॅकपाशी जातात, डबा हातात घेतात आणि मगच "आहे" म्हणतात. गिऱ्हाइकाचा माणूस तासभर ट्रॅफिकमधून येणार असेल तर हेच बरोबर आहे.

अडचण होती ती फोनची. जुन्या ईपीएबीएक्सवर (ऑफिसातल्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजवर) ताई फ्लॅश दाबून स्टोअरचा नंबर लावायच्या. काका पोटमाळ्यावर असले की टेबलावरचा फोन रिकाम्या खुर्चीसमोर वाजत राहायचा आणि पलीकडचा माणूस कंटाळून ठेवून द्यायचा. दुसरा मार्ग होल्डचा. ताई कॉल होल्डवर टाकून गोदामाच्या दारापर्यंत जायच्या, "काका, अंबरनाथचा फोन!" अशी हाक मारायच्या आणि परत येईपर्यंत दुसरी लाइन वाजायला लागलेली असायची. काका पळत खाली यायचे ते स्टोअरच्या फोनपाशी. कॉल मात्र अडकलेला असायचा रिसेप्शनच्या फोनवर. मग पुन्हा ट्रान्सफर, पुन्हा घंटी. त्या गडबडीत दोघांपैकी एकाचा फोन कट व्हायचा, आणि कट झालेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा याच दुकानाला फोन करेल याची खात्री नसते. वागळे इस्टेटमध्ये तोच माल विकणारं दुसरं दुकान फार लांब नसतं.

आम्ही ऑफिसांत फोन यंत्रणा बसवतो. शेठनी आम्हाला बोलावलं ते लाइनी वाढवायला. "लाइन कमी पडतात" ही त्यांची तक्रार होती. पण दिवसभर रिसेप्शनजवळ बसून पाहिलं तर लाइनी कमी पडत नव्हत्या. होत्या त्याच लाइनी होल्डवर अडकून पडत होत्या, कारण ज्या फोनवर कॉल थांबवला त्याच फोनवरून तो सोडवावा लागत होता. अशा जागी लाइनी वाढवल्या तर फक्त अडकलेले कॉल वाढतात.

होल्ड आणि पार्क यांतला फरक इथे महत्त्वाचा आहे. होल्ड केलेला कॉल एका फोनशी बांधलेला असतो. पार्क केलेला कॉल यंत्रणेतल्या एका क्रमांकावर ठेवलेला असतो आणि ऑफिसातल्या कुठल्याही फोनवरून तो क्रमांक फिरवला की कॉल हातात येतो. ताईंना समजावताना रेल्वेच्या क्लोक रूमचं उदाहरण उपयोगी पडलं: सामान ठेवलं, टोकन मिळालं, टोकन ज्याच्याकडे तो सामान घेणार. त्यांना ते लगेच पटलं आणि त्यांनी लगेच विचारलं, "आणि कोणी न्यायलाच आलं नाही तर?" पुढच्या सगळ्या मांडणीतला कळीचा प्रश्न हाच होता, आणि तो फोन रोज हाताळणाऱ्या बाईंनी विचारला.

मोबाईलचा पर्याय शेठनी काढला होता. काकांना एक मोबाईल देऊन टाका, झालं. त्यात दोन गोष्टी आडव्या आल्या. एक म्हणजे पोटमाळ्यावर पत्र्याचं छप्पर आणि चहूबाजूंनी लोखंडी रॅक, तिथे नेटवर्क धड टिकत नाही. याच कारणाने कॉर्डलेसही नीट चालला नाही. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. पेढीचा ०२२चा नंबर वर्षानुवर्षं बिलांवर, कॅलेंडरवर, कारखान्यांच्या स्टोअरमधल्या डायरीत लिहिलेला आहे. गिऱ्हाईक तो नंबर ओळखतं. एका माणसाच्या मोबाईलवर सगळा धंदा वळवला की तो माणूस सुट्टीवर गेला किंवा नोकरी सोडली की ओळख त्याच्याबरोबर जाते.

नवी यंत्रणा अ‍ॅस्टरिस्कवर चालणारी घेतली. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं, ऑफिसची फोन यंत्रणा चालवणारं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यात पार्किंग पहिल्यापासून तयारच मिळतं. आवृत्ती १२ पासून त्याच्या सेटिंगसाठी रेस-पार्किंग ही वेगळी फाइल आहे. नमुना फाइलमध्ये पार्क करण्याचा नंबर ७००, कॉल ठेवायच्या जागा ७०१ ते ७२० आणि कोणी उचलला नाही तर कॉल परत फिरण्याची मुदत ४५ सेकंद असते. बरेच जण हे आकडे तसेच ठेवतात. इथे तसं करता आलं नाही.

कारण गोदामातली एक्स्टेंशन (आतल्या फोनांचे नंबर) सातशेच्या मालिकेतली होती. काकांचा फोन ७०१, पॅकिंगचा ७०३. हे नंबर भिंतीवर रंगवलेले, लोकांच्या तोंडात बसलेले. ते बदलायला लावणं म्हणजे चालत्या ऑफिसला विनाकारण त्रास. पार्किंगला ७० आणि ७१, ७२ असे दोन आकडी नंबर देणंही सोयीचं नव्हतं. फोनवर ७० दाबलं की यंत्राला कळत नाही की आकडे संपले की ७०१ यायचा आहे. मग तो काही सेकंद वाट बघतो, नाहीतर घाईने ७० लावून मोकळा होतो. म्हणून पार्किंगचा नंबर ५०० ठेवला आणि जागा ५०१ ते ५०४.

चारच जागा का, असं अकाउंट्समधल्या मॅडमनी विचारलं. पार्क केलेला प्रत्येक कॉल बाहेरच्या ट्रंकचा (टेलिफोन कंपनीकडच्या जोडणीचा) एक चॅनेल, म्हणजे एका कॉलची वाट, अडवून बसतो. इथे एका वेळी आठ कॉल चालतील एवढी सोय घेतली होती. वीस जागा दिल्या असत्या तर एखाद्या गर्दीच्या सकाळी आठही चॅनेल पार्किंगमध्ये उभे राहिले असते आणि नवा फोन आत आला नसता. शिवाय गोदामात उभ्या माणसाला चारपेक्षा जास्त जागा लक्षात ठेवायला सांगणं योग्य नाही.

जागा देण्याचा क्रम हा बारीक मुद्दा आहे, पण तो सुटला की घोटाळा होतो. यंत्रणा दोन प्रकारे जागा देऊ शकते: दर वेळी पहिली रिकामी, किंवा मागच्या वेळी दिली त्याच्या पुढची. पहिल्या प्रकारात दिवसभर बहुतेक कॉल ५०१ वरच जातात. समजा अंबरनाथचा कॉल ५०१ वर ठेवला, काका जिना उतरताहेत, तेवढ्यात अंबरनाथवाल्याने कंटाळून फोन ठेवला आणि ताईंनी पुढचा तळोज्याचा कॉल पार्क केला. तोही ५०१ वरच. काका फोन उचलून अंबरनाथच्या माणसाला सांगायचा भाव तळोज्याच्या माणसाला सांगणार. म्हणून दुसरा प्रकार निवडला. जागा गोल फिरत राहते आणि जुन्या हाकेवर नवा कॉल उचलला जाण्याची शक्यता बरीच कमी होते.

आता गोदामापर्यंत बातमी पोचवायची. कॉल पार्क करून कोणाला सांगितलंच नाही तर तो कोपऱ्यात पडून राहतो. गोदामात दोन भोंगे लावले, त्यांना अ‍ॅम्प्लिफायर, आणि अ‍ॅम्प्लिफायरला फोन यंत्रणेशी जोडणारा अडॅप्टर. ५९० लावला की तो आपोआप उचलतो आणि ताईंचा आवाज भोंग्यातून येतो. सुरुवातीला एक भोंगा दाराच्या बाजूला होता, तो ताईंच्या रिसीव्हरमध्ये शिरून शिट्टी वाजवायचा. तोंड आतल्या भिंतीकडे फिरवल्यावर थांबला.

भोंग्यातून आकडा कसा ऐकू येतो हे टेबलावर बसून कळत नाही. पत्र्याखाली आवाज घुमतो, त्यात कोणीतरी पॅलेट ओढत असतो. दोन आकडी नंबर आम्ही बोलून पाहिले होते: एक्क्याऐंशी आणि ब्याऐंशी पोटमाळ्यावर सारखेच ऐकू आले. यंत्रणा ताईंच्या कानात आकडे सुटे सुटे सांगते, इंग्रजीत, फाइव्ह झिरो टू. ताई भोंग्यावर फक्त शेवटचा आकडा घेतात आणि दोनदा म्हणतात, "काका, पार्किंग दोन, पार्किंग दोन." आधी नाव, मग आकडा. नाव ऐकल्यावर माणूस कान देतो, म्हणून आकडा नंतर. "दोन" आणि "तीन" अजूनही क्वचित एकमेकांत मिसळतात, आणि तिथे फोनवरचे दिवे कामाला येतात.

काउंटर, स्टोअर, पॅकिंग आणि अकाउंट्सच्या फोनवर चारही जागांची बटणं दिली आहेत. जागा भरली की बटण लाल होतं, बटण दाबलं की कॉल येतो. यासाठी सेटिंगमध्ये पार्किंगचे हिंट (जागा भरलेली की रिकामी हे फोनला कळवणारी सोय) चालू करावे लागतात. ते मुळात बंद असतात. अनेक ठिकाणी बटणं लावलेली दिसतात पण दिवा कधीच लागत नाही, त्याचं कारण बहुधा हेच निघतं. दिवा लागला नाही की लोकांचा त्या बटणावरचा विश्वास उडतो आणि मग तो परत बसवणं अवघड जातं.

ताईंच्या हाताची सवय बदलायला थोडा वेळ लागला. ट्रान्सफर दाबायचं, ५०० लावायचा, कानात येणारा आकडा ऐकायचा आणि मग पुन्हा ट्रान्सफर. आकडा ऐकण्याआधी थेट ट्रान्सफर केलं तर कॉल पार्क होतो, पण ताईंचा फोन त्यातून लगेच बाजूला होतो आणि कुठे ठेवला हे कळत नाही. पहिल्या काही दिवसांत हे झालं तेव्हा त्यांनी स्वतःच तोड काढली: बटणांकडे बघायचं, नवा कुठला दिवा लागला तो.

थांबलेल्या माणसाला काय ऐकवायचं यावर शेठचं मत गाण्याचं होतं. जुनं गाणं लावा, लोकांना बरं वाटेल. त्याला दोन अडचणी. ध्वनिमुद्रित गाणं असं वापरायला हक्कधारकांची परवानगी लागते. आणि फोनच्या वाटेत कुठे जी.७२९ कोडेक (आवाज दाबून पाठवायची एक पद्धत) असेल तर गाणं फाटून येतं, कारण तो सेकंदाला ८ किलोबिटांत माणसाचं बोलणं बसवण्यासाठी बनवलेला आहे, वाद्यांसाठी नाही. आपल्याकडचा साधा ए-लॉ कोडेक ६४ किलोबिटांचा, त्यात बरं ऐकू येतं, पण पलीकडून कॉल कुठल्या वाटेने आला आहे हे आपल्या हातात नसतं. म्हणून ताईंच्याच आवाजात एक छोटं वाक्य मुद्रित केलं: "तुमचा माल रॅकवर बघत आहोत, फोन चालू ठेवा." मधे हलकी धून, मग पुन्हा तेच वाक्य, मराठीत आणि हिंदीत. होल्डला हे वाक्य लावलं नाही, फक्त पार्किंगला. त्यामुळे थांबलेल्या माणसाला कळतं की कोणीतरी आत शोधतं आहे.

आता ताईंचा प्रश्न. कोणी घ्यायलाच आलं नाही तर?

मुदत ठरवायला आम्ही काकांबरोबर चाललो. पोटमाळ्याच्या शेवटच्या रॅकपासून डबा बघून, जिना उतरून स्टोअरच्या फोनपर्यंत यायला एक मिनिट सहज जातं. मूळच्या ४५ सेकंदांत काका जिन्यावरच असताना कॉल परत फिरला असता. तसं दर वेळी झालं तर माणसं पार्किंग वापरणं सोडून देतात. मुदत ९० सेकंद ठेवली.

परत फिरून कॉल कुठे जावा, हे त्याहून महत्त्वाचं. मूळ सेटिंगप्रमाणे तो ज्याने पार्क केला त्याच्याकडे जातो. कागदावर हे बरोबर दिसतं. इथे पार्क करणाऱ्या जवळजवळ नेहमी ताईच, आणि कॉल परत येतो त्या वेळी त्या दुसऱ्या फोनवर बोलत असण्याचीच शक्यता जास्त, कारण कॉल सोडून त्या मोकळ्या झाल्या त्या पुढचा फोन घ्यायलाच. तो फोन व्यस्त असला आणि पुढची सोय केलेली नसली की दीड मिनिट ताटकळलेला माणूस तिथेच तुटतो. माझ्या मते फोनवर गिऱ्हाइकाला देता येणारी ही सर्वांत वाईट वागणूक आहे. त्यापेक्षा सुरुवातीलाच "नंतर फोन करा" म्हटलेलं बरं.

म्हणून पार्क करणाऱ्याकडे परत पाठवण्याची सेटिंग बंद केली. मुदत संपली की कॉल एका गटाकडे जातो: रिसेप्शन आणि काउंटरचे दोन्ही फोन एकदम वाजतात. नुसता वाजला तर उचलणाऱ्याला तो नवा फोन वाटेल आणि तो "नमस्कार, बोला" म्हणून सुरुवात करेल. थांबून थांबून वैतागलेल्या माणसाला तेच पुन्हा सांगावं लागेल. यंत्रणा पार्किंगची जागा एका व्हेरिएबलमध्ये ठेवते. ती फोन करणाऱ्याच्या नंबरच्या आधी जोडून घेतली, म्हणजे फोनच्या पडद्यावर "परत ५०२" असं दिसतं. उचलणारा म्हणतो, "माफ करा, थांबावं लागलं. काय बघत होतात?" तरीही कोणी उचललं नाही तर शेवटी शेठच्या केबिनमध्ये वाजतो. हे शेठनी स्वतः मागून घेतलं. त्याचा परिणाम मला फार मोलाचा वाटतो: गोदाम कधी कमी पडतं हे आता त्यांना कोणी सांगावं लागत नाही.

एक नियम ताईंनी आणि आम्ही मिळून केला, तो यंत्रात नाही, टेबलावर चिकटवलेल्या कागदावर आहे. परत आलेला कॉल दुसऱ्यांदा पार्क करायचा नाही. नाव, नंबर, माल लिहून घ्यायचा आणि काकांनी उलट फोन करायचा.

सुरक्षेची एक गोष्ट सहज राहून जाते. बाहेरून फोन आला की स्वागताचा आवाज "एक्स्टेंशन माहीत असल्यास दाबा" म्हणतो. त्या मेन्यूच्या कॉन्टेक्स्टमध्ये (तिथून कुठले नंबर लागतील हे ठरवणाऱ्या यादीत) पार्किंगचा कॉन्टेक्स्ट जोडलेला असेल तर बाहेरचा कोणीही ५०१ दाबून दुसऱ्या गिऱ्हाइकाचा थांबलेला कॉल उचलू शकतो. कोणाचा भाव कोणाच्या कानावर जाईल सांगता येत नाही. इथे पार्किंग फक्त आतल्या फोनांच्या कॉन्टेक्स्टमध्ये ठेवलं आणि बाहेरून मोबाईल लावून ५०१ ते ५०४ दाबून खात्री केली.

चाचणी मुद्दाम सकाळच्या गर्दीत, गोदाम चालू असताना घेतली. पार्क करून पलीकडून फोन ठेवला, जागा लगेच मोकळी होते का पाहिलं. चारही जागा भरून पाचवा पार्क करायचा प्रयत्न केला. यंत्रणा नाकारते तेव्हा कॉल ताईंकडे राहतो की हरवतो हे बघणं गरजेचं होतं. काका आणि पॅकिंगचा मुलगा यांनी एकाच वेळी एकच बटण दाबलं. पहिल्याला कॉल मिळाला आणि दुसऱ्याला तिथे कॉल नसल्याचा आवाज. सर्व्हर आणि नेटवर्कचा स्विच यूपीएसवर आहेत, त्यामुळे वीज गेल्यावर फोन चालू राहिले, पण अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला आणि भोंगे मुके झाले. तोही यूपीएसवर घेतला.

महिन्याभराने गेलो तेव्हा ताई खुर्चीतून उठत नव्हत्या. लाइनी तेवढ्याच होत्या आणि शेठनी त्या वाढवायचा विषय काढला नाही. अकाउंट्सच्या मॅडमनीही पार्किंग वापरायला सुरुवात केली होती: जीएसटीच्या बिलाबद्दल कोणी विचारलं की कॉल ठेवून फाइल आणायच्या. ती सवय आम्ही मोडली. स्वतःच्याच टेबलावर परत येणार असाल तर होल्ड पुरतो. पार्किंगच्या चार जागा दुसऱ्या माणसाने घ्यायच्या कॉलसाठी आहेत.

शेठनी एक बदल मागितला. जेवणाच्या वेळी, दीडच्या सुमारास, काका डबा खात असतात आणि कॉल परत येतात. मुदत तीन मिनिटं करा. मी नाही म्हटलं आणि कारण सांगितलं. मुदत वाढवल्याने काका लवकर येत नाहीत, गिऱ्हाईक तेवढं जास्त थांबतं एवढंच होतं. त्याऐवजी जेवणाच्या अर्ध्या तासात ताईंनी पार्क करायचंच नाही, नंबर लिहून घ्यायचा, असं ठरलं. काकांनी दोन वाजता उलट फोन करायचे. काकांचं जेवणही त्यामुळे शांततेत होतं, आणि वयाच्या साठीला आलेल्या माणसाने घास सोडून जिना उतरू नये असं मला मनापासून वाटतं.

आता पेढी रबाळ्याला दुसरं गोदाम घेते आहे. तिथले फोन ठाण्याच्याच सर्व्हरवर नोंदवले तर ५०१ ते ५०४ त्यांनाही दिसतील आणि उचलता येतील. तिथे वेगळा सर्व्हर बसवला तर त्याच्या पार्किंगच्या जागा त्याच्यापुरत्याच राहतात. फोन ठाण्यालाच जोडायचे हे पक्कं केलं आहे, पण जागा रबाळ्यासाठी निराळ्या, ५११ आणि ५१२, निराळ्या भोंग्यासह. वागळ्याच्या भोंग्यावर ताई "पार्किंग दोन" म्हणाल्या तर ते रबाळ्यात कोणाला ऐकू जाणार नाही, आणि वागळ्यातल्या काकांना रबाळ्याच्या कॉलसाठी हाक जाऊन उपयोग नाही. परत फिरणारा कॉल मात्र दोन्हीकडून वागळ्याच्या त्याच गटाकडे येईल, कारण दिवसभर फोनजवळ माणूस असण्याची खात्री सध्या तिथेच आहे. रबाळ्यात काउंटरवर कायमचा माणूस नेमला की हे पुन्हा बघायचं ठरलं आहे.